खिळ्यावरचा पांढरा शर्ट

१

"एकदा बघितलेलं तोंड कॅमेरा इसरतो का?"

हा सवाल कचरूनं तीनदा विचारला. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या संपतला विचारला, तो हसला. दहाव्याला आलेल्या गुरुजींना विचारला, त्यांनी हातातलं घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा त्यानं तो बंद दुकानात एकट्यानं, मोठ्या आवाजात विचारला. तेव्हाही उत्तर आलं नाही, आणि आलं नाही याचं त्याला बरं वाटलं.

दुकान त्याच्या मोठ्या भावाचं, भुजंगचं. घनसावंगीच्या बसस्टँडसमोर, 'सगुणा फोटो व झेरॉक्स'. सगुणा हे त्यांच्या मायचं नाव. दहा बाय दहाची खोली, पत्र्याचं शटर, आत एक टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर रबरानं बांधलेला लिंबाएवढा वेबकॅम. त्याचं तोंड पलीकडच्या भिंतीकडे. भिंतीवर निळा कपडा, कपड्यापुढं लाकडी स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड होता. माणूस बसला की ते 'टक' वाजायचं.

निळ्या कपड्याच्या बाजूला खिळ्यावर एक पांढरा शर्ट असायचा. शाळेचा फॉर्म असो की बँकेचा, फोटोला येणारा माणूस शेतातून यायचा. कुणाची कॉलर फाटलेली, कुणाच्या अंगात नुसती बंडी. भुजंग काही न बोलता तो शर्ट पुढं करायचा. त्याची बटणं कायम उघडी ठेवलेली असत, म्हणजे म्हाताऱ्या बोटांची अडचण नको. सगळ्या तालुक्याच्या ओळखपत्रांवर तोच एक शर्ट होता.

"कार्डावरचा माणूस चोरावाणी दिसतो, कारण फोटोवाला त्याला चोरावाणी बसवतो," भुजंग म्हणायचा. मग टेबलामागून मान वर काढून तो हळूच सांगायचा, "बाबा, डोक्यावरचं काढा. हां. हनुवटी जराशी खाली. आता डोळे हिकडं." आणि माणूस खरोखर माणसासारखा दिसायला लागायचा.

कचरूला या गोष्टीचं फार कौतुक वाटायचं. तो स्वतः पाचवीतून उठला होता, अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर मोळ्या भरत होता. दोन शब्द झाले की त्याचा हात उठायचा. भुजंगचा हात मात्र कधी घाईत हललेला त्यानं बघितला नव्हता. जुना कॉम्प्युटर भुजंगनं गोणपाटावर सुटा करून, पुन्हा जोडून शिकून घेतला होता. एक स्क्रू उरला नव्हता.

तो भुजंग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी अंबडहून येताना जीपच्या मागं लटकला. जीप वळणावर कलंडली.

२

दवाखान्यात त्याचं डोकं पांढऱ्या कपड्यात गुंडाळून दिलं. कपाळापासून गळ्यापर्यंत. "उघडू नका," तिथला माणूस म्हणाला.

कचरूनं उघडलं. कुणी सांगितलं की करू नको, की तो करायचाच. व्हरांड्यात, स्ट्रेचरपाशी, त्यानं गाठ सोडली आणि बघितलं. मग त्यानं कपडा परत गुंडाळला आणि हाताला येत होती ती एकच गाठ मारली, उसाच्या मोळीची. ती बाहेरून कितीही ओढा, आवळत जाते. डावं टोक ओढलं तरच सुटते.

घरी सगुणाबाई दिवसभर एकच म्हणत होती, "तोंड दाखवा रे माझ्या लेकराचं. एकदाच दाखवा."

कचरू त्या गाठीवर हात ठेवून बसून राहिला. कुणाला हात लावू दिला नाही. तसंच नेलं.

आता तेरवीला पाटावर ठेवायला फोटो पाहिजे होता. तालुक्याचे फोटो काढणाऱ्याचा घरात फोटो नव्हता. दहावीच्या हॉलतिकिटावरचा एक सापडला, त्याच्यावर अर्ध्या चेहऱ्यापर्यंत शिक्क्याची जांभळी शाई. सगुणाबाईनं तो उजेडाकडं धरून बघितला आणि खाली ठेवला.

"हे न्हाई माझं पोरगं. जाताना तोंड दाखवलं न्हाई तुम्ही. आता बिनतोंडाचाच बसवता का पाटावर?"

"हाय फोटो, माय," कचरू एकदम म्हणाला. "दुकानात हाय. मी आणतो."

३

फोटो होता. रोज सकाळी नऊला लाइट आली की भुजंग पहिला फोटो स्वतःचा काढायचा. उजेड बराबर हाय का बघायला. माउसची लांब वायर ओढत नेऊन तो स्टुलावर बसायचा, दाबायचा, उठून यायचा. रोज त्याच नावानं ठेवायचा, म्हणजे कालचा पुसून त्या जागी आजचा. जागा कशाला अडवायची, म्हणायचा.

चौथ्या दिवशी कचरूनं शटर वर केलं. नऊला लाइट आली. त्यानं भावाला शंभरदा बघितलं होतं, त्यामुळं कॉम्प्युटर सुरू करणं जमलं. समोरच तो फोटो होता. उघडला.

भुजंग त्याच्याकडं बघत होता. मंगळवारी सकाळचा. केस ओले, भांग ताजा, पांढरा शर्ट, ओठांच्या एका कोपऱ्यात जरासं हसू, जसं काही आता म्हणेल, 'कचऱ्या, चहा सांग.'

कचरू किती वेळ बघत बसला कुणास ठाऊक. मग कागद काढायचा म्हणून त्यानं भावाच्या हाताचा क्रम आठवला. आधी कॅमेऱ्याचं चित्र दाबायचं. मग कॉम्प्युटर इंग्रजीत काहीतरी विचारतो. भुजंगनं एकदा सांगितलं होतं, "काही विचारलं की डावं बटण दाबायचं, घाबरायचं न्हाई." मग प्रिंट.

त्यानं कॅमेऱ्याचं चित्र दाबलं. विचारलं. डावं दाबलं. प्रिंट.

प्रिंटरमधून कागद सरकत आला. त्यावर निळा कपडा होता, खिळ्यावरचा शर्ट होता, आणि रिकामं स्टूल होतं.

त्यानं परत उघडलं. रिकामं स्टूल. बंद करून परत. रिकामं स्टूल. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उतरलं की कॉम्प्युटरनं काय विचारलं होतं आणि त्यानं कशाला हो म्हटलं होतं.

तो ओरडला. कॅमेऱ्याची वायर त्यानं अशी हिसकली की कॅमेरा रबरासकट जमिनीवर पडला. थोड्या वेळानं स्वतःच उचलला, फुंकला, शर्टाला पुसला, वायर परत लावली. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळं चिन्ह आलं आणि इंग्रजीत एक ओळ.

४

"अनोळखी वस्तू जोडलीय, असं म्हणून राह्यलाय तो," सहाव्या दिवशी अंबडहून आलेला संपत म्हणाला.

"अनोळखी? तीन साल रोज वळखत होता. दादाचा हात लागला न्हाई म्हणून आज अनोळखी?"

"अरे बाबा, यंत्र हाय ते."

संपतनं सगळं केलं. वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली, मग मागच्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सीडी टाकून कॅमेऱ्याचा प्रोग्राम काढला, परत भरला. वायर लावली की 'टि-डिंग' असे दोन सूर वाजत, काढली की तेच सूर उलटे. पण कॅमेरा काही दिसेना. मग संपतनं पिशवीतून स्वतःचा दुसरा कॅमेरा काढून लावला. तो लगेच दिसला.

"झालं. कॉम्प्युटर बिलकुल बराबर. कॅमेरा मेलाय. आतून वायर तुटली. फेकून दे."

"त्याच्यात दादाचा फोटो असंल ना? एकदा बघितलेलं तोंड कॅमेरा इसरतो का?"

तेव्हा संपत हसला. मग कचरूचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. "कॅमेऱ्यात काही राहात न्हाई, कचरू. तो नुसता बघतो. ठेवतो तो कॉम्प्युटर. आन् तू पुसलं." त्यानं कागदावर दोन्ही बटणं काढून दाखवली. "हे डावं म्हंजे हो, जुनं पुस, नवं ठेव. हे उजवं म्हंजे राहू दे. इतकंच होतं रे."

कचरूनं तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

संपत पिशवी भरायला लागला. स्वतःचा कॅमेरा त्यानं काढून घेतला होता. मेलेल्या कॅमेऱ्याची वायर गुंडाळून तो तिला रबर लावत होता.

टि-डिंग.

दोघांनीही ऐकलं. संपतनं हातातल्या वायरीच्या टोकाकडं बघितलं, मग कॉम्प्युटरच्या रिकाम्या भोकांकडं.

"व्होल्टेज," तो म्हणाला. "घनसावंगीची लाइट म्हंजे..." चहा सांगितला होता, तो न पिताच त्यानं बस गाठली.

५

कॅमेरा कचरूनं फेकला नाही. कॉम्प्युटरचं डोकं मोकळं बघवेना, म्हणून त्यानं तो परत वर बांधला. वायर खाली नुसती लोंबकळत ठेवली.

आठव्या दिवशी नऊला तो पुन्हा जाऊन बसला. घरी माय विचारायची, आणि दुकानात निदान कुणी विचारत नव्हतं. जाऊन तो फोटो उघडायचा. काय सांगावं, आला असंल परत, असं वाटायचं.

रिकामं स्टूल. निळा कपडा. त्या दिवशी तो बंद करणार होता, पण काहीतरी टोचलं. त्यानं परत बघितलं. मग मान वळवून भिंतीकडं बघितलं. मग पडद्याकडं.

भिंतीवर खिळा होता, खिळ्यावर शर्ट होता. फोटोत खिळा होता. शर्ट नव्हता.

चौथ्या दिवशी काढलेल्या कागदावर शर्ट होता. तो कागद त्यानं टेबलाच्या खणातून काढून शेजारी धरला. कागदावर आहे, भिंतीवर आहे, पडद्यावर नाही.

कचरू शिकलेला नव्हता, पण वेडा नव्हता. संपतनं काहीतरी केलं असंल, त्यानं ठरवलं. संपतनं नवा कॅमेरा लावून काढला असंल, तेव्हा शर्ट खाली पडला असंल. बरं. त्यानं घरून ऊस तोडायचा कोयता आणला आणि निळ्या कपड्याच्या दुसऱ्या बाजूला टांगला. शटरला कुलूप लावलं. किल्ली एकच होती, ती करदोट्याला बांधली.

नवव्या दिवशी फोटोत कोयता होता.

आणि उजव्या कडेला, फोटोच्या अगदी काठावर, एक पांढरी बाही होती. कोपरापासून खांद्यापर्यंत. बाकीचा माणूस फोटोबाहेर राहिला होता.

त्यानं मान खाली घातली. फोटो उघडायला वापरलेला माउस आता हाताशी नव्हता. त्याची वायर टेबलावरून पलीकडं ओढलेली होती, आणि माउस स्टुलाखाली जमिनीवर पडला होता.

६

दहाव्याचं घाटावर झालं. अकराव्या दिवशी कचरू दुकानाकडं उशिरा गेला. जायचं नाही असं ठरवून झालं होतं, पाय गेलेच. शटरपाशी पायरीवर गुंज गावचे कडूबा बसले होते. ऐंशीचे असतील, डोळ्यांना जाड चष्मा.

"भुजंग हाय का रं?"

कडूबांना ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

"निराधारचा फॉर्म हाय," म्हातारा म्हणाला. "नंबर लागंल म्हणून बसलो. आत गिऱ्हाईक हाय ना."

"आत?"

"फटीतून बघितलं की. बसलंय शर्ट घालून, भुजंगचाच पांढरा. मी म्हणलं, होऊ दे बाबा त्याचं. पण लई टाइम लावला आज भुजंगनं. आन् ते गिऱ्हाईक बी येडं, डोक्याचं काढंना. बांधून बसलंय."

कुलूप जागेवर होतं. किल्ली करदोट्याला होती.

"बाबा," कचरू म्हणाला, "दादा गेला. आज अकरावा दिस."

कडूबांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. "माझं तोंड वाकडं हाय," ते म्हणाले, "लकवा मारल्यापून. समदे फोटोवाले वाकडंच काढायचे. त्यानं मला आसं बसवलं, आसं... कार्डावर सरळ दिसतो मी. बघ." त्यांनी खिशातून प्लास्टिकमधलं कार्ड काढून दाखवलं आणि ते गेले.

कचरूनं शटर वर केलं. आत कुणी नव्हतं. शर्ट खिळ्यावर होता. त्याची सगळी बटणं लावलेली होती, गळ्यापर्यंत.

आणि फोटोत, स्टुलावर, माणूस बसलेला होता. गुडघ्यांवर हात, पांढरा शर्ट, पोटापासून कॉलरपर्यंत सगळा. कॉलरच्या वर फोटो संपला होता.

त्यानं खुर्ची मागं सारली. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी हललं, त्यालाही लाज वाटावी असं. तो रागावला. दादानं असा फोटो जन्मात काढला नव्हता. कधी नुसती बाही, कधी मुंडकं कापलेलं. वाकड्या तोंडाचा म्हातारा सरळ काढणारा माणूस, आणि स्वतःचा असा? एवढं कसं चुकतं दादाचं?

शटर ओढून तो घरापर्यंत पळाला. अंगणात पोचला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्यानं भिंत धरली.

चुकत नव्हतं. दिसत नव्हतं. डोळे बांधलेले होते, आणि गाठ कचरूनं मारली होती.

७

तेरवीच्या सकाळी अंगणात चूल पेटली, पाहुणे यायला लागले. पाट मांडला. पाटावर काही नव्हतं. सगुणाबाई पाटाशेजारी हार मांडीवर घेऊन बसली होती.

"आणतो म्हणला होतास," ती म्हणाली.

"आणतो, माय."

बाजारपेठ उघडत होती. समोरच्या हॉटेलात गाणी लागली होती, अंबडची जीप भरत होती, तिच्यावरचा पोरगा ओरडत होता. कचरूनं शटर अर्ध्यापर्यंत वर केलं आणि वाकून आत शिरला. भावाच्या खुर्चीवर बसला. कॅमेऱ्याची लोंबकळती वायर त्यानं हातात घेतली आणि तिचं टोक मुठीत घट्ट धरलं. नऊ वाजले. ट्यूब फडफडली, लागली. कॉम्प्युटर गुरगुरला.

टि-डिंग.

मुठीतलं टोक थंड होतं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. पडद्यावर कॅमेऱ्याची खिडकी आपोआप उघडली. निळा कपडा, कोयता, खिळा. शर्ट नव्हता.

कॉम्प्युटरच्या वर मान उचलली असती तर चार हातांवर स्टूल दिसलं असतं. त्यानं मान उचलली नाही. डोळे पडद्यावर ठेवले.

टक.

स्टूल वाजलं. खिडकीत, कडेकडून, कुणीतरी चाचपडत बसत होतं. आधी बाही. मग खांदा. मग थोडं इकडं, थोडं तिकडं, आंधळा माणूस खाट शोधतो तसं. मग तो थांबला. या वेळेला डोकं आत आलं होतं. पांढऱ्या कपड्यात, कपाळापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेलं. कानाच्या वर मोळीची गाठ.

हात गुडघ्यांवर ठेवून तो वाट बघत राहिला, तालुक्यातला प्रत्येक माणूस त्या स्टुलावर बघायचा तशी. कुणीतरी सांगेल म्हणून.

कचरूला व्हरांडा आठवला. त्या कपड्याखाली काय होतं ते जगात फक्त त्याला ठाऊक होतं. शटर अर्धं उघडं होतं, बाहेर ऊन होतं, दोन पावलांत तो जीपपाशी पोचला असता. खुर्चीवरून तो अर्धा उठलाही.

पण दादानं कधी कुणाला वाईट फोटो घेऊन दुकानातून जाऊ दिलं नव्हतं. एकालाही नाही.

तो खाली बसला. मुठीतली वायर त्यानं सोडून दिली आणि माउसवर हात ठेवला.

"दादा," तो हळूच म्हणाला, भुजंग म्हणायचा तसं. "डोक्यावरचं काढ."

खिडकीत एक हात गुडघ्यावरून उठला. गाठीपाशी गेला, ओढू लागला. गाठ आवळली. हात घाबरल्यासारखा थांबला. भुजंगचा हात असा थांबलेला कचरूनं कधी बघितला नव्हता.

"डावं टोक, दादा. डावं ओढ. मी बांधलीय, सुटंल."

बोटांनी डावं टोक शोधलं. कपडा सैल झाला. एक वेढा उतरला. दुसरा उतरला. ओल्या केसांचा ताजा भांग दिसला, आणि त्याखाली कपाळाची सुरुवात.

टेबलाच्या पलीकडून कुणीतरी श्वास सोडला, पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा.

कचरूचे डोळे भरून आले, पडदा धूसर झाला. त्यानं ते मनगटानं पुसले, कारण धूसर चालणार नव्हतं.

"हां. हनुवटी जराशी खाली," तो म्हणाला. "आता डोळे हिकडं. हालू नको."

त्यानं कॅमेऱ्याचं चित्र दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं. या वेळी काय विचारलंय ते त्याला कळत होतं.

त्यानं डावं बटण दाबलं.